लग्नाच्या तीन पोथ्या

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांचं एका गोष्टीवर लगेच एकमत झालं, ते म्हणजे जेवणावर. बाकी कशावरच होईना. मुलगा मुन्शी घाटाजवळच्या गल्लीत वाढलेला, पक्का बनारसी. मुलगी आमच्या रामघाटाची, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलणारी. दोघं नोकरीच्या गावी भेटली, तिथेच सगळं ठरवून मोकळी झाली आणि विधींचा घोळ आम्हा मोठ्यांच्या गळ्यात घालून पुन्हा आपापल्या कामाला लागली.

त्यांचे पंडितजी म्हणाले, लग्न आमच्या पद्धतीनं. आमचे काका म्हणाले, आमच्या. काका म्हणजे माझे सख्खे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. रामघाटावरच्या मराठी घरांतली लग्नं-मुंजी लावण्यात त्यांचा जन्म गेला. माझं लग्नही त्यांनीच लावलं होतं. दोन्ही बाजू अशा काही अडून बसल्या की मुलगा-मुलगी बाजूलाच राहिली. शेवटी विहीणबाईंनी तोडगा काढला. दोन्हीकडचे विधी होऊ द्या, पण एकाच मांडवात, आणि गोरज मुहूर्तावर. म्हणजे तुमची भरदुपार नको आणि आमची मध्यरात्रही नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण दोन लग्नांचं एक लग्न कसं करायचं, हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवते. पोरींना मी पहिल्या तासाला बजावते की एका पुस्तकात वाचलं म्हणून मला येऊन सांगायचं नाही. दुसरं उघडा, तिसरं उघडा, मग तोंड उघडा. माझ्या पाठीमागे त्या माझी नक्कल करतात, तीही बरी करतात. तर म्हटलं, हे काम आपलंच आहे. नकाशे काढायच्या मोठ्या कागदाची गुंडाळी आणली, त्यावर तीन रकाने आखले आणि एका रविवारी सकाळी काकांच्या माडीवर जाऊन बसले.

पहिला रकाना काकांच्या पोथीचा. ती सुट्या लांबट पानांची, त्यांच्या आजोबांनी घेतलेली, तांबड्या रुमालात बांधलेली. दुसरा पंडितजींच्या पुस्तिकेचा. ती खिशात मावेल एवढी, हिंदीतून सूचना दिलेली, हळदीचे डाग पडून पिवळी झालेली. तिसरं पुस्तक मी चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून उचललं. तो एक जाडा ग्रंथ होता, वर संस्कृत आणि खाली बारीक अक्षरात हिंदी टीका. माझं संस्कृत कामचलाऊ आहे, पण अडलं की काका होते, आणि काका अडले की खालच्या वेदपाठशाळेतले गुरुजी होते. खिडकीला माकडांसाठी जाळी लावलेली, त्या जाळीतून पाठशाळेतला पाठ वर येत राहायचा.

पंडितजी आणि मुलाचे वडील नावेतून आले. मुन्शी घाटाकडून आमच्याकडे यायचं तर गल्ल्यांतल्या गर्दीपेक्षा नाव परवडते. पंडितजी पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आले होते आणि ती त्यांनी काकांच्या पोथीपासून जरा लांबच ठेवली. काकांनीही आपली पोथी थोडी मागे ओढली. मी मधोमध कागद अंथरला आणि चहा सांगितला.

खरं सांगते, त्या दिवसाइतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. मुलाच्या आजीला एकच धास्ती होती, की तुम्ही मराठी लोक अग्नीभोवती सात फेरे घालतच नाही, मग लग्न झालंसं म्हणायचं कसं? तीनही पुस्तकं शेजारी ठेवली तर निघालं काय, की पंडितजींच्या पुस्तिकेतही फेरे वेगळे आणि सात पावलं, म्हणजे आमची सप्तपदी, वेगळीच दिलेली. मांडवात जागा पुरत नाही आणि वऱ्हाडाला जेवणाची घाई असते, म्हणून लोकांनी दोन्ही गोष्टी एकात घातल्या. पंडितजींनी ते पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि हिंदीत म्हणाले की हे मी रोजच वाचतो, पण वाचलं आज. काकांना उकळ्या फुटत होत्या. मग अंतरपाट आला. आमच्यात अंतरपाटाशिवाय लग्न म्हणजे मिठाशिवाय आमटी, आणि त्यांच्या पुस्तिकेत त्याचं नावही नाही. जाड्या ग्रंथात मात्र सापडलं की हे देशाचार आहेत, ज्याच्या त्याच्या मुलखाप्रमाणे करावेत. पंडितजी म्हणाले, लावा. काका म्हणाले, मग तुमचा भांगात भरायचा शेंदूरही होऊ द्या. दुपारपर्यंत कागद निम्मा भरला, आणि सकाळी पोथ्या लांब ठेवणारे दोघं एकमेकांच्या पोथीत बोट घालून वाचायला लागले.

असं सगळं सुरळीत चालू असताना भाऊजींचा मेसेज आला.

भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. बँकेतून रिटायर होऊन नागपूरला स्थायिक झालेले. माझे यजमान रेल्वेत होते. नोकरीच्या निमित्ताने बनारसला आले, माझ्याशी लग्न केलं आणि इथलेच होऊन गेले. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा मुलगी शाळेत होती. नावेतून मणिकर्णिकेच्या स्मशानघाटासमोरून जाताना मी आजही हात जोडते आणि मनातल्या मनात त्यांना घरची बातमी सांगते. लग्न ठरलं तेही तसंच सांगितलं. तर भाऊजींनी लिहिलं होतं: कन्यादान मी आणि तुझी जाऊ करू. तू काळजी करू नकोस. तू फक्त बसून बघ.

ती ओळ वाचून माझं टाळकं फिरलं. फक्त बसून बघ? मुलीचे ताप मी काढले, गणितासाठी मी ओरडले, तिच्या फीसाठी मी शिकवण्या घेतल्या, आणि ज्या एका क्षणी तिचा हात कुणाच्या हातात द्यायचा तिथे मी प्रेक्षक? मला माझ्या हातानं तिला द्यायचं होतं. त्यापलीकडे मला त्या लग्नात काहीही नको होतं. फेरे सात घाला नाहीतर सतरा घाला.

मी मेसेज काकांना दाखवला. काकांनी नजर चुकवली. म्हणाले, "बाळ, आपल्यात बाप नसला तर चुलता बसतो. विधवा बाई बसत नाही. मी तुला बसवलं तर तुझीच बदनामी, मुफ्तमध्ये."

मी विचारलं की हे कुठे लिहिलंय. ते म्हणाले, लिहायला कशाला हवं, सगळ्यांना माहीतच आहे. माझ्या वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी तिला बाहेर उभं केलं असतं. काकांना बाहेर उभं करता येत नव्हतं, म्हणून मी कागदावर नवी ओळ आखली आणि तिच्यापुढे लिहिलं, कन्या कोणी द्यावी.

पंडितजींच्या पुस्तिकेत एकच वाक्य होतं: पित्यानं द्यावी, तो नसल्यास भाऊ, काका इत्यादींनी. त्या 'इत्यादी'वर मी बराच वेळ डोळे रोखून बसले. जाड्या ग्रंथात तो उलगडून दिला होता. आधी बाप, मग आजोबा, मग भाऊ, मग कुळातला पुरुष, आणि सगळ्यांत शेवटी आई. पहिला नसेल किंवा समर्थ नसेल तर पुढचा. आई होती. शेवटी का होईना, होती. मी काकांना म्हटलं, आता तुमची पोथी काढा.

काकांनी रुमाल सोडला, कन्यादानाची पानं काढली, आणि मी मोठ्यानं वाचायला लागले. एका पानावर मुलीचा बाप पूर्वेकडे तोंड करून बसला, आणि पान उलटलं तर एकदम घराच्या चार कोपऱ्यांत खुंट्या ठोका, उंबऱ्यावर पाणी शिंपडा. मी पुन्हा वाचलं. लग्नाच्या मधोमध खुंट्या कसल्या? काकांनी पान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, पानाचा आकडा पाहिला. आकडा बरोबर होता. छापखाना तोच, कागद तोच, आकार तोच. फक्त पान वास्तुशांतीच्या पोथीचं होतं.

सुट्या पानांच्या पोथ्यांना हा रोग असतोच. कधीतरी दोन रुमाल एकदम सुटले असतील, वाऱ्यानं पानं उडाली असतील, आणि गोळा करताना सारख्याच आकड्याची दोन पानं एकमेकांच्या घरी गेली असतील. काकांना मंत्र तोंडपाठ, त्यामुळे पोथी समोर नुसती मांडून ठेवायची. सूचना वाचायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. पंडितजींनी फार गंभीर चेहरा करून विचारलं की मग इतकी वर्षं तुम्ही लग्नं लावलीत की घरं शांत केलीत? काका एवढे हसले, एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाले की घरं तर शांत झालेली दिसत नाहीत.

वास्तुशांतीचा रुमाल सोडला. खरं पान तिथेच होतं, खुंट्यांच्या पानाच्या जागी. त्यावरही तोच क्रम होता आणि शेवटी आई होती. काकांनी ते पान मांडीवर ठेवलं. मी मुद्दा सोडणारी नव्हते. मी म्हटलं, "काका, बाप नाही म्हणूनच हा क्रम सुरू होतो ना? मग यातली आई कोण असणार? सवाष्ण?"

काकांनी बोटानं तो क्रम पुन्हा वरून खाली मोजला. मग म्हणाले, "मतलब विधवाच." आणि पानावरची धूळ झटकत म्हणाले, "आणि हे पान मी चाळीसेक वर्षं दुसऱ्या रुमालात बांधून ठेवलं."

मी जिंकले असं वाटून मी पेढे आणायला उठणार होते, पण काकांनी मला खाली बसवलं. पोथी तुझ्या बाजूनं आहे, पण पूर्ण नाही, ते म्हणाले. आईच्या आधी कुळातला पुरुष आहे, आणि तो नागपुरात धडधाकट बसलाय. पहिला असताना पुढच्याचा नंबर लागत नाही. तीनही पुस्तकं आता एकच सांगत होती, आणि ते मला नको होतं. असा अनुभव मला इतिहासातही पुष्कळदा आलाय, पण तिथे मी रात्री नीट झोपते.

मी मुलीला फोन केला आणि तिच्या मोठ्या काकांवर तोंडसुख घेतलं. तिनं तो मेसेज मागवला, वाचला आणि मला म्हणाली, "मम्मी, यात राग येण्यासारखं काय आहे? त्यांना लगतंय की तू एकटी पाटावर बसलीस तर पप्पांच्या आठवणीनं रडशील. म्हणून ते बसतायत." मला ते अजिबात सुचलं नव्हतं. मग मी जाऊबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अगं, तो मेसेज पाठवायला त्यांनी अख्खी सकाळ घालवली, लिहायचे, पुसायचे. सगळे म्हणतील दीर असून वेळेला उभा राहिला नाही, हीच भीती त्यांना आहे. नवं सोवळंही आणून ठेवलंय. तीन ओळींचा मेसेज, आणि तिघींनी वाचला तर तीन निघाले. वर्गात मी पोरींना जे घोकून घेते ते मी घरात कधीच केलं नव्हतं, एका वाचनावर पेटून उठले होते. राग निम्मा उतरला. हट्ट मात्र होता तेवढाच राहिला.

लग्नाच्या आठवडाभर आधी भाऊजी आणि जाऊबाई आले. मी त्यांना चहाआधीच काकांच्या माडीवर नेलं. वाटेत ठरवलं होतं की शांतपणे बोलायचं. वर गेल्यावर तीनही पुस्तकं त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, वाचा. भाऊजींनी कर्जाचे कागद तपासावेत तशी एकेक ओळ बोट फिरवून वाचली, टीकासुद्धा वाचली. मग चष्मा काढला.

"म्हणजे मी असताना तुझा नंबर लागत नाही," ते म्हणाले.

"नाही लागत," मी म्हटलं. "पण मला बसायचंय, भाऊजी. मला माझी मुलगी माझ्या हातानं द्यायचीय. ह्या पुस्तकांत काहीही असो."

जाऊबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. भाऊजींनी काकांना विचारलं की समर्थ नसणं म्हणजे नेमकं काय. काका म्हणाले, आजारी असणं, भ्रमिष्ट असणं, दूर असणं. भाऊजी म्हणाले की मी आजारी नाही आणि इथेच बसलोय. जाऊबाई म्हणाल्या, मधलं एक राहिलं. त्यावर सगळे हसले, भाऊजीसुद्धा. पण हसणं संपल्यावर ते माझ्याकडे वळले.

"माझी इच्छा आहे, खूप आहे," ते म्हणाले. "मला मुलगी नाही. पण तुझी इच्छा माझ्याहून जास्त आहे, हे तू मला आजवर सांगितलं नाहीस."

एवढी भांडखोर बाई मी, पण तेव्हा नुसती मान हलवली. काका म्हणाले की स्वतःहून बाजूला होणं पोथीत नाही, पण पोथी कुणाला ओढून पाटावर बसवतही नाही. मग त्यांनी ते हरवलेलं पान पुन्हा उचललं. म्हणाले, एक अडचण आहेच. मुलाच्या ओंजळीवर मुलीची ओंजळ, त्यावर देणाऱ्याचा हात, आणि वरून पाण्याची अखंड धार. ती धार बायकोनं सोडायची असते. आता देणारीच बाई असेल तर धार कोण सोडणार?

आम्ही पुन्हा तीनही पुस्तकं पुढे ओढली. पुस्तिकेत पत्नी. जाड्या ग्रंथात पत्नी. काकांच्या पानावर मात्र एवढंच होतं, की घरातल्या दुसऱ्या कुणी धार सोडावी. दुसऱ्या कुणी. बाई किंवा पुरुष असं काही नव्हतं.

भाऊजी म्हणाले, "मी सोडतो."

जाऊबाईंनी सांगितलं की ह्या माणसानं आयुष्यात कुणाला पाण्याचा पेला हातात दिलेला नाही. भाऊजी म्हणाले की म्हणूनच आठवडाभर सराव करतो. आणि खरोखर केला. आमच्या गच्चीवर रोज सकाळी ते तोटीची झारी घेऊन तुळशीत धार सोडत उभे राहायचे, आणि तुळस बुडाली म्हणून मी ओरडायचे.

लग्नात काय काय झालं ते सांगायला बसले तर संपायचं नाही. अंतरपाट धरला तेव्हा मुलाकडच्या पोरांनी तो पडदाच समजून त्याच्यासमोर फोटो काढून घेतले. सात पावलं झाली, फेरेही झाले, आजीनं प्रत्येक फेरा बोटावर मोजला. पंडितजी आणि काका आळीपाळीनं मंत्र म्हणत होते आणि एकमेकांना मधेच शाबासकी देत होते. आमच्या समाजातल्या दोन बायका मला पाटावर बसलेलं पाहून कुजबुजल्या. काकांनी मंत्र थांबवला, त्या पानावरचा क्रम मोठ्यानं वाचला, आणि जिथून थांबले होते तिथून पुन्हा सुरू केलं. मला त्या क्षणी काकांचा अभिमान वाटला.

मग ओंजळी एकावर एक आल्या. सगळ्यांत खाली काशाची परात, तिच्यावर जावयाची ओंजळ, तिच्यावर माझ्या मुलीची, आणि सगळ्यांत वर माझा हात. तिची बोटं गार पडली होती. लहानपणी दशाश्वमेधाच्या गर्दीत हात सुटू नये म्हणून ती माझं मनगट धरायची, बोट कधी धरायची नाही, आणि त्या दिवशीही मेंदी लावलेल्या हातानं तिनं हळूच माझं मनगटच धरलं. काका म्हणाले, धार. भाऊजींनी झारी वाकवली.

धार अगदी सुरेख पडत होती. आठवडाभराच्या सरावाचं चीज झालं. काकांनी आमची नावं घेतली, गोत्रं घेतली, माझ्याकडून म्हणवून घेतलं, आणि संपल्याची खूण म्हणून मान हलवली. भाऊजींनी काही धार थांबवली नाही. परात भरली, पाणी काठावरून सांडलं, जावयाच्या पितांबराचा सोगा भिजला, पंडितजींनी पाय वर घेतले. जाऊबाईंनी मागून त्यांना दोनदा डिवचलं. ते माझ्या हाताकडे बघत होते, कारण माझा हात अजून वरच होता, आणि तो असेपर्यंत ते थांबणार नव्हते. शेवटी झारीतलं पाणी संपलं. तोटीतून एकेक थेंब गळायला लागला, आणि तरीही मी मुलीचा हात धरूनच बसले. एवढं भांडून, तीन पोथ्या पालथ्या घालून मी इथे येऊन बसले होते, आणि हात सोडायचा असतो हे मी कुठेच वाचलं नव्हतं.

भाऊजींनी झारी खाली ठेवली, वाकून माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "झालं बरं का. सोड आता. मी इथेच आहे."

मी सोडला.